पश्चिमेची पोकळ भिंत

आमच्या शीतगृहात तिला सगळे पाराताई म्हणायचे. बटाट्याच्या आठही खोल्यांत दर दोन तासांनी शिरायचं आणि पारा किती आहे ते वहीत लिहायचं, हे तिचं काम. नावावरून थट्टाही चालायची, कारण तिचा स्वतःचा पारा चढलेला बारा वर्षांत कोणी पाहिला नव्हता. मी तिथे यंत्रांवर आहे. म्हणजे थंडी मी करायची आणि ती टिकली का ते तिने बघायचं. भिंतीला उलटा तळहात लावून ती सांगायची, "इथलं भरण खचलंय." आम्ही भिंतीवरचा पत्रा उचकटून बघायचो, तर थंडी अडवून धरणारा आतला थर्माकोल खरंच खचलेला असायचा.

ती स्वतः राहायची मात्र पत्र्याच्या छपराखाली, भाड्याच्या दोन खोल्यांत. नवरा शाळेची बस चालवायचा, मुलगी आठवीत होती, आणि सासरे. सासऱ्यांना ती मामंजी म्हणायची. ते लाकडाच्या वखारीत चौतीस वर्षं कारकून होते आणि एवढ्या वर्षांत हिशेबात एका पैशाचा फरक पडला नाही, हे ते भेटेल त्याला सांगायचे. उन्हाळ्यात त्या घरात दोन पंखे आणि एक कूलर दिवसरात्र फिरायचे, तरी घराची भट्टी ती भट्टीच. वर विजेचं बिल आलं की पगाराला भगदाड पडायचं. एकदा डबा खाताना ती म्हणाली, "बटाट्याला आपण एवढं जपतो. माणसांनी काय घोडं मारलंय?"

मी हसलो. ती हसली नाही.

मामंजींनी निवृत्तीच्या पैशातून वस्तीच्या टोकाला जमिनीचा एक तुकडा घेऊन ठेवला होता. तिथे घर बांधायचं ठरलं. मोठं नको, गार हवं, हा तिचा हट्ट. विटांच्या दोन भिंती, मध्ये अडीच इंच पोकळी, त्या पोकळीत थर्माकोलचे जाड तक्ते. छतावर तसाच थर आणि वरून पांढरा रंग. पश्चिमेला एकही खिडकी नाही. हिशेब अर्थातच मामंजींकडे. लाल बांधणीच्या वहीत त्यांनी विटांपासून खिळ्यांपर्यंत सगळं उतरवलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

बँकेत पहिला धक्का बसला. साहेबांनी नकाशा पाहिला आणि म्हणाले, "भिंतीच्या आत थर्माकोल? बाई, भिंत दिसते तेवढीच आम्ही मोजतो."

तिने दोन वर्षांची विजेची बिलं टेबलावर मांडली. "हप्ता अकरा हजारांचा बसतो. भाड्याचे सहा वाचतील, बिलाचे अडीच. राहिले अडीच, ते मी जादा पाळ्या करून काढेन."

साहेबांनी आकडे दोनदा पाहिले. "हिशेब चोख आहे. पण न आलेलं बिल लिहायला आमच्या अर्जात रकानाच नाही."

साध्या घराला मिळतं तेवढं अकरा लाखांचं कर्ज पंधरा वर्षांसाठी मंजूर झालं. थर्माकोलचा पैसा तिने भविष्यनिर्वाह निधीतून काढला. शहाण्णव तक्ते टेंपोतून उतरले, ते तिने एकेक करून मोजून घेतले.

भिंती चढू लागल्या तो आमच्याकडे माल भरण्याचा मोसम होता. तिच्या सलग दोन पाळ्या चालू होत्या. बांधकामावर मामंजी बसायचे. त्याच आठवड्यात त्यांनी एक वेगळीच गोष्ट काढली. पश्चिमेची खोली नातीसाठी ठरली होती, ती त्यांनी स्वतःला मागून घेतली. म्हणे रस्त्याचा गोंगाट नको. "म्हातारपणी कोपराच बरा," असं म्हणाले. कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. उलट नात खूश झाली, तिला रस्त्याकडची खोली मिळाली.

थंडीत सगळे राहायला गेले. बिल निम्म्यावर आलं. पाराताईने ते पुठ्ठ्याला लावून शीतगृहाच्या फळ्यावर अडकवलं होतं, आम्ही सगळ्यांनी येता-जाता वाचलं. मग उन्हाळा आला. घर खरोखर गार राहिलं. शेजारच्या बायका दुपारी भाजी निवडायला तिच्याकडे येऊन बसायच्या.

मे महिन्यातल्या एका रविवारी चार वाजता तिचा फोन आला. "तुमची ती पारा बघायची बंदूक घेऊन या." आवाज नेहमीसारखाच, पण नमस्कार नाही, काही नाही. मी सायकल काढली.

ती मामंजींच्या खोलीत उभी होती. धुतलेले कपडे ठेवायला आत गेली होती आणि सवयीने भिंतीला हात लावला होता. चाप दाबला की समोरच्या भिंतीचं तापमान दाखवणारी ती बंदूक मी रोखली. हॉलची भिंत एकतीस. पश्चिमेची बेचाळीस. मला वाटलं, बंदूक बिघडली. परत रोखली. बेचाळीसच.

"भरण खचलं असेल," मी म्हणालो.

"सहा महिन्यांत खचत नाही."

तिने गवंड्याला बोलावलं. तो जवळच राहायचा, पंधरा मिनिटांत आला. आल्यापासून त्याची नजर जमिनीवर होती. तिने त्याला छिन्नी दाखवली आणि भिंतीवर बोट ठेवलं. त्याने छिन्नी घेतली. एक वीट काढली, मग दुसरी. मुलीने मोबाइलचा उजेड आत टाकला. उजेड सरळ जाऊन पलीकडच्या कोपऱ्यावर पडला. आत काही नव्हतं. थर्माकोलचा चुरासुद्धा नाही.

नवरा दारात उभा होता. मला आमच्याकडची सातव्या खोलीची भिंत आठवली, उंदरांनी आतून पोखरलेली. पण तिथे निदान भुगा तरी होता.

"शहाण्णव मी मोजले होते," ती गवंड्याला म्हणाली. "माझे तक्ते कुठे गेले?"

गवंड्याने मान वर केली आणि तिच्याकडे न बघता पाठीमागे बघितलं. तिथे मामंजी उभे होते.

"त्याला बोलू नकोस, सूनबाई," ते म्हणाले. "मीच परत पाठवले. गप्प राहायची त्याला माझ्या नातीची शपथ घातली होती."

छिन्नी गवंड्याच्या हातातून खाली पडली. नवरा दोनदा "बाबा" म्हणाला. पाराताई पलंगाच्या कडेवर बसली.

मामंजी आतून लाल वही घेऊन आले. पान उघडून तिच्या मांडीवर ठेवलं. "गहाणखताची नोंदणी आणि मुद्रांक. सव्वीस हजार. ही ओळ मी लिहिलीच नव्हती. बँकेने मागितले तेव्हा कळलं. पैसे भरल्याशिवाय कर्जाचा दुसरा हप्ता सुटणार नव्हता आणि घरात काही शिल्लक नव्हतं. तक्ते परत देऊन बावीस आले. चार माझ्याकडचे घातले." मग म्हणाले, "चौतीस वर्षं लोकांचे हिशेब केले आणि घरच्याच हिशेबात ओळ राहिली. सांगायची लाज वाटली गं."

मला तोवर वाटत होतं की धक्का चोरीचा आहे. चोरी परवडली असती. खरी गोष्ट मला त्या पलंगाकडे बघून उमगली. तो भिंतीला चिकटून होता. माणूस मार्चपासून त्या भिंतीला पाठ लावून झोपत होता. म्हणूनच त्याने ती खोली मागून घेतली होती.

पाराताईला ते माझ्याआधी उमगलं असावं. "तुमचे बनियन मी रोज धुते," ती म्हणाली. "पिळून निघतील इतके ओले असायचे. वयाने घाम येतो, असं तुम्ही सांगितलंत. आणि मी ऐकलं."

"चूक माझी, तर ऊन पण माझं," मामंजी म्हणाले.

आणि मग पारा चढला. ती उठली, वही मिटली आणि इतक्या मोठ्याने बोलली की शेजारची खिडकी उघडली. "मी छतावरचा रंग पुढच्या वर्षी लावला असता. स्वयंपाकघराच्या फरश्या घातल्या नसत्या. शेणाने सारवलं असतं. या घरातला म्हातारा माणूस भाजून निघावा म्हणून मी घर बांधलं का?" वही त्यांच्या हातात परत देऊन ती बाहेर निघून गेली. मामंजी वही छातीशी धरून उभे राहिले. नातीने त्यांना धरून हॉलमध्ये नेलं आणि खुर्चीत बसवलं. पाणी दिलं.

त्यांचा पलंग त्याच दिवशी हॉलमध्ये आला. पण ती त्यांच्याशी तीन आठवडे मोजकंच बोलली. जेवायला वाढलंय, औषध घ्या, एवढंच. डब्याच्या वेळी मी एकदा म्हटलं, "सोड आता. वयाने मोठे आहेत."

"राग त्यांचा नाही येत," ती म्हणाली. "बाहेर परक्या भिंती तपासत हिंडते मी. माझ्याच घरात माणूस शिजत होता, मला पत्ता नाही."



उपाय तिनेच शोधला. तक्ते आता भिंत फोडल्याशिवाय आत जाणार नव्हते, पण थर्माकोलचे दाणे पोत्यांत मिळतात, उशा-गाद्यांत भरायचे. नऊ पोती, सात हजार. गवंड्याने मजुरी घेतली नाही. छताच्या खाली भिंतीत चार भोकं पाडली आणि वरून दाणे सोडायचे ठरले. दाणे कसले, हवेत उडणारे माजलेले मुंगळेच. केसांत, भुवयांत, गवंड्याच्या मिशांत, माझ्या शर्टाच्या आत, जाईल तिथे चिकटायचे. मामंजी खाली उभं राहून तेलाच्या डब्याचं नरसाळं वर देत होते. पाराताई शिडीवर होती. तिसऱ्या पोत्याला ती खाली न बघताच म्हणाली, "मामंजी, तुमच्या टकलावर बर्फ पडलाय." इतक्या दिवसांत ती त्यांच्याशी औषध-जेवण सोडून पहिल्यांदा बोलली. मामंजींनी डोक्यावरून हात फिरवला, तर दाणे हातालाही चिकटले.

भिंत आता चौतीस दाखवते. बाकीच्या एकतीसवर आहेत. तक्त्यांची सर दाण्यांना येत नाही, ते तीन अंश राहिलेच. कर्जाची चौदा वर्षं आहेत अजून. गवंड्याने मात्र धडा घेतला. आता दुहेरी भिंत बंद करायच्या आधी घरच्या सगळ्यांना बोलावून आत डोकावायला लावतो, आणि म्हाताऱ्यांनी घातलेल्या शपथा मानत नाही.