उरलेलं एक मिनिट

किस्से साठवायला म्हणून कोणी बसत नाही. आपण आपलं काम करत असतो आणि ते साठत जातात, माळ्यावरच्या सामानासारखे. घर सोडायची वेळ आली की कळतं, अरे, एवढं कधी जमलं! आमचं ऑफिस बंद होऊन वर्ष होत आलं. माणसं पांगली, खुर्च्या भंगारात गेल्या, पण सामान सगळं माझ्याकडे राहिलंय. अधूनमधून काढून बघतो. कोणी भेटलं की ऐकवतो. आज तुम्ही सापडलात.

ऑफिस माजिवड्याला होतं, एका मिठाईच्या दुकानाच्या वर. अमेरिकेत ज्या सरकारी सभा आणि सुनावण्या होतात, त्यांची रेकॉर्डिंग आमच्याकडे यायची. खासदारांच्या समित्या, गावोगावच्या कौन्सिली, मोठमोठ्या कंपन्यांच्या मालकांना समोर बसवून विचारलेले प्रश्न. आम्ही हेडफोन लावून शब्दन् शब्द टाइप करायचो. ड्यूटी नऊ ते सहा. अमेरिकेचं काम म्हणजे नाइट शिफ्ट, असं सगळ्यांना वाटायचं. पण पुढाऱ्याचं भाषण शिळं झालं तरी काही बिघडत नाही!

मी टीम लीडर. ठाण्यात बसून मी जेवढी अमेरिकन भाषणं ऐकली, तेवढी तिकडच्या एकाही माणसाने ऐकली नसतील.

*

आमचे तपासनीस प्रधान सर. राहायला डोंबिवलीला. कल्याणच्या कोर्टात स्टेनोग्राफर म्हणून चाळीस वर्षं काढून रिटायर झालेले. आमचं सगळं टाइपिंग त्यांच्या नजरेखालून जायचं. त्यांचा नियम एकच, बोललेलं सगळं लिहायचं आणि न बोललेलंही लिहायचं. हशा झाला तर कंसात ‘हशा’. आवाज कळला नाही तर ‘अस्पष्ट’. प्रश्न विचारला आणि समोरचा गप्प बसला, तर ‘उत्तर नाही’, आणि पुढे किती सेकंद ते.

एकदा एक सिनेटर ‘मी अगदी स्पष्टपणे सांगतो’ म्हणून सुरू झाले ते दीड पान बोलत राहिले. आमच्या सचिनने त्या अख्ख्या दीड पानावर एकच खूण केली, ‘अस्पष्ट’.

सरांनी त्याला बोलावलं. “सचिन, आवाज तर स्वच्छ आहे.”

“आवाज स्वच्छच आहे सर. पण माणूस काय बोलला ते कळलेलं नाही.”

सरांनी हेडफोन लावून दीड पान पुन्हा ऐकलं. मग हेडफोन काढून शांतपणे म्हणाले, “तुझं बरोबर आहे. पण त्यासाठी आपल्याकडे खूण नाही.”

*

हा सचिन कल्याणचा. पोरगा हुशार, पण वेळेच्या बाबतीत आनंद.

एका सुनावणीत एका कंपनीच्या प्रमुखाने छातीवर हात ठेवून सांगितलं, “झाल्या प्रकाराची मी पूर्ण जबाबदारी घेतो.” दुसऱ्या दिवशी सचिन पाऊण तास उशिरा उगवला. मी काही बोलायच्या आत छातीवर हात! “सर, मी पूर्ण जबाबदारी घेतो.”

“म्हणजे काय करणार?”

“काही नाही. तो पण तसाच बसून होता ना!”

*

वैशाली दिव्याची. मूळ कोकणातली, लग्न करून दिव्याला आली, पुढे तिथेच चौथ्या मजल्यावर घर घेतलं. इमारत नवीन, लिफ्ट नवीन, नळही नवीन. फक्त पाणी नाही! आठवड्यातून दोनदा टँकर यायचा, त्या दिवशी ही आधी पिंपं भरायची आणि मग ऑफिसला यायची. ओला पदर, हातात डबा, चेहऱ्यावर तक्रार म्हणून नाही. टाइपिंगला आमच्यात सगळ्यांत चोख तीच.

औषध कंपनीच्या एका मालकाची सुनावणी तिच्याकडे आलेली. खासदार बाई विचारत होत्या, हे औषध एवढं महाग का केलंत? आणि तो प्रत्येक वेळी गोड आवाजात म्हणायचा, “या महत्त्वाच्या प्रश्नाबद्दल मी आपला आभारी आहे.” मग रुग्ण, संशोधन, बांधिलकी, सगळं यायचं. उत्तर तेवढं यायचं नाही. वैशालीच्या आईला रोजचं इंजेक्शन होतं, त्यामुळे ती टाइप करताना दात-ओठ खात होती. घरी जाऊन तिने तो सगळा प्रकार नवऱ्याला नक्कल करून दाखवला.

चार दिवसांनी तिने मुलाला विचारलं, “अभ्यास झाला का रे?”

मुलगा सातवीत. म्हणाला, “आई, या महत्त्वाच्या प्रश्नाबद्दल मी आपला आभारी आहे. अभ्यास हा माझ्यासाठी नेहमीच जिव्हाळ्याचा विषय राहिलेला आहे.”

“मग?” आम्ही विचारलं.

“मग काय, दोन धपाटे घातले! अमेरिकेत एवढंच करायचं राहून जातं ना!”

*

तिकडच्या समितीत प्रत्येक सभासदाला बोलायला मोजून पाच मिनिटं मिळतात. आणि गंमत म्हणजे, एखाद्याचं लवकर आटपलं तर तो उरलेली मिनिटं दुसऱ्याला देऊ शकतो. सरळ जाहीर करतो, माझा उरलेला वेळ मी अमक्या बाईंना देतो. मग त्या बाई तेवढा वेळ जास्त बोलतात.

सचिनला हे भयंकर आवडलं. “सर, म्हणजे असा वेळ देता येतो? कायद्याने?”

प्रधान सर चष्मा पुसत होते. म्हणाले, “मी चाळीस वर्षं कोर्टात काढली. तारीख देताना रोज पाहिलं. वेळ देताना कोणाला पाहिलं नाही.”

तेव्हापासून आमच्याकडे पद्धतच पडली. चहाची सुट्टी पंधरा मिनिटं. टँकरच्या दिवशी वैशाली दमून आलेली असायची, तर सचिन चहा एका घोटात संपवून उभा राहायचा आणि जाहीर करायचा, “माझी उरलेली नऊ मिनिटं मी दिव्याच्या माननीय सदस्या वैशालीताईंना देतो!” मग ती खरोखर टेबलावर डोकं ठेवून नऊ मिनिटं झोपायची. मी तिकडे बघायचो नाही.

*

आता मिसेस डॉब्सन. हे नाव घेतलं की मला अजून काहीतरी होतं.

अमेरिकेत मध्येच कुठेतरी एक लहानसं गाव. त्यांच्या कौन्सिलची सभा महिन्यातून एकदा व्हायची आणि फाइल आमच्याकडे गुरुवारी यायची. सभेत गावातल्या कोणालाही उभं राहून बोलता येतं, प्रत्येकी तीन मिनिटं. तीन मिनिटं झाली की घंटी. मिसेस डॉब्सन दर सभेला यायच्या. आवाजावरून सत्तरीच्या पुढच्या. गावाजवळ एका कंपनीचा कारखाना, आणि यांच्या नळाला तपकिरी पाणी. त्या बरणीत भरून न्यायच्या आणि टेबलावर ठेवायच्या. काचेचा टक् असा आवाज यायचा. मग एकच प्रश्न, “हे पाणी तुमच्यापैकी कोण पिईल?”

दोन मिनिटांत बोलणं संपायचं. मग म्हणायच्या, “माझं एक मिनिट उरलंय. ते तुमच्या उत्तरासाठी ठेवलंय. मी इथेच उभी आहे.”

आणि उभ्या राहायच्या!

पहिल्यांदा ही फाइल आली तेव्हा वैशालीला वाटलं, रेकॉर्डिंग बंद पडलं. तिने सरांना हाक मारली. सरांनी हेडफोन लावला, हाताने थांब अशी खूण केली. बराच वेळ ऐकत राहिले. “बंद नाही पडलेलं,” म्हणाले, “खुर्च्या वाजतायत. कोणीतरी कागद चाळतंय. त्या बाईंचा श्वास ऐकू येतोय.” मग घंटी वाजली. अध्यक्ष म्हणाले, “थँक यू, मिसेस डॉब्सन.”

वैशालीने टाइप केलं, उत्तर नाही, अठ्ठावन्न सेकंद.

“तिला निदान पाणी येतं तरी,” ती म्हणाली, “रंगीत का होईना!” आम्ही हसलो. तीही हसली, पण पुढच्या महिन्यापासून ती फाइल तिने दुसऱ्या कोणाला दिली नाही. गुरुवारी चार वाजले की मी, सचिन, प्रधान सर, सगळे काही ना काही निमित्त काढून तिच्या खुर्चीमागे उभे. ती हेडफोनची पिन काढून स्पीकर लावायची. टक्! बरणी आली. आणि मग ते एक मिनिट. ठाण्यात चार माणसं श्वास रोखून एका परक्या म्हातारीच्या सोबतीला उभी आहेत, हे त्या बाईंना कळायला हवं होतं.

*

दीड वर्षाने एका गुरुवारी चमत्कार झाला. अध्यक्ष बोलले! म्हणाले, “मिसेस डॉब्सन, हा विषय विचाराधीन आहे.”

वैशाली धावत खाली मिठाईच्या दुकानात गेली आणि पाव किलो पेढे घेऊन आली. अख्ख्या फ्लोअरला वाटले. कशाचे म्हणून विचारलं तर म्हणायची, “डॉब्सनबाईंचं काम होतंय!”

प्रधान सरांनी पेढा खाल्ला, बोटं रुमालाला पुसली. “वैशाली, घाई केलीस. विचाराधीन म्हणजे काय, ते मी कल्याणला बघितलंय.” मग तिचा उतरलेला चेहरा पाहून त्यांनाच वाईट वाटलं. म्हणाले, “पेढा मात्र उत्तम आहे. अजून एक दे.”

पुढच्या महिन्यात पुन्हा टक्. पुन्हा एक मिनिट.

*

मग आमची कंपनी तिकडच्या एका मोठ्या कंपनीने विकत घेतली. नव्या मोठ्या साहेबांनी व्हिडिओवर सगळ्यांची मीटिंग ठेवली. म्हणाले, आपण एक कुटुंब आहोत. पुढच्या वाक्यात म्हणाले, ऑफिस बंद करतोय. यापुढे हे काम सॉफ्टवेअर करेल. कोणाला काही विचारायचंय?

मी टीम लीडर, मलाच विचारावं लागलं. या लोकांचं पुढे काय?

साहेब हसून म्हणाले, “या महत्त्वाच्या प्रश्नाबद्दल मी आपला आभारी आहे.”

आधी सचिन फुटला. मग वैशाली. मग अख्खा फ्लोअर खो खो हसायला लागला. पडद्यावर साहेबही खूश झाले, त्यांना वाटलं लोकांनी छान घेतलं!

हसू ओसरल्यावर प्रधान सर उठले. कोर्टात उभे राहायचे तसे, ताठ. “एकच विचारायचं आहे. तुमचं सॉफ्टवेअर शांतता लिहितं का?”

साहेबांना आधी प्रश्न कळला नाही. मग त्यांचा चेहरा उजळला. “ओह, नो! सगळी शांतता ते आपोआप कापून टाकतं. दॅट्स द बेस्ट पार्ट!”

सर खाली बसले.

*

सचिन आता कल्याणला भावाच्या मोबाइलच्या दुकानात बसतो. मी कोपरला घरीच असतो, थोडंफार भाषांतराचं काम मिळतं. पण गुरुवारी चार वाजले की हात थांबतो. खरं सांगतो, मला पगाराची आठवण येत नाही एवढी त्या खुर्चीमागे उभं राहायची येते. प्रधान सर जवळच डोंबिवलीला, संध्याकाळी भेटतात. रोज तोच प्रश्न, “काही कळलं का हो डॉब्सनबाईंचं?” कळणार कुठून! गावाचं नाव बाहेर सांगायचं नाही, चौकशी करायची नाही, असं कंपनीला लिहून दिलेलं. त्या अजून उभ्या राहत असतील, तर ते मिनिट आता कोणी लिहीतही नाही.

*

मागच्या महिन्यात वैशालीचा फोन आला. दिव्यात पाण्यासाठी सभा आहे, रविवारी सकाळी, महापालिकेचे मोठे साहेब येणार आहेत. “तुम्ही दोघं याल का? सरांना म्हणावं, वही आणा.”

आम्ही गेलो. एका शाळेचा हॉल, बाहेरपर्यंत माणसं. आमच्या शेजारी जुन्या गावठाणातली एक आजी बसलेली. खाडीवर मासे मारणाऱ्यांच्या घरातली, काष्टा नेसलेली. तिने वैशालीला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मोठ्याने म्हणाली, “तुमच्या बिल्डिंगी आल्या नि आमच्या हिरीचा पानी गेला. आता तुमीच पानी मांगता!” वैशालीने पिशवीतली बाटली मांडीवर घट्ट धरून ठेवलेली.

माइकवाल्याने जाहीर केलं, गर्दी आहे, साहेबांना पुढे जायचंय, प्रत्येकाला फक्त तीन मिनिटं! प्रधान सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि वही उघडली.

वैशालीचं नाव आलं. ती पुढे गेली, साहेबांच्या टेबलावर तिने बाटली ठेवली. रिकामी. टक् असा आवाज नाही आला, प्लॅस्टिकची होती. “साहेब, माझ्या नळातून सहा वर्षांत आलेलं पाणी यात आहे. आमच्या घरी पाणी कुठल्या तारखेला येणार?”

“ताई, विषय विचाराधीन आहे,” साहेब म्हणाले.

“तारीख सांगा.”

साहेब मोबाइल बघायला लागले.

“माझं एक मिनिट उरलंय,” वैशाली म्हणाली. “ते तुमच्या उत्तरासाठी ठेवलंय. मी इथेच उभी आहे.”

आणि उभी राहिली. हॉलमध्ये आधी कुजबुज झाली, मग तीही थांबली. वर पंखे फिरत होते. सरांची नजर घड्याळावर, पेन कागदावर.

“चला ताई, वेळ संपली,” माइकवाला म्हणाला आणि यादीतून पुढचं नाव वाचलं. आमच्या शेजारची आजी उठली. माइककडे मात्र गेली नाही. जागेवरूनच हात वर करून ओरडली,

“माजी तीन मिन्टा हिलाच द्या! उबी ऱ्हा गो पोरी.”