थर्मोस्टॅट परत जागेवर

तापलेलं डिझेल इंजिन ताळ्यावर आणण्यात हातखंडा, म्हणून सगळे त्यांना थंडे मिस्त्री म्हणत. त्यांचं डोकंही तसंच थंड. गाडी तापते म्हणून आली, की इंजिनातला थर्मोस्टॅट ते काढूनच टाकत. पाण्याच्या वाटेत हे दार हवंच कशाला, वाहू दे की मोकळं, असं त्यांचं म्हणणं. तीस वर्षं गाड्या चालल्या, त्यामुळे कोणी हूं की चूं केलं नाही.

एका मिनीबसनं मात्र त्यांच्या नाकी नऊ आणले. रेडिएटर साफ केला, पंखा तपासला, पाण्याचा पंप नवा बसवला, तरी चढ लागला की काटा लाल रेघेवर. ड्रायव्हर वीस वर्षांचं जुनं गिऱ्हाईक, पण तोही कंटाळला. आता तापली तर गाडी दुसरीकडे नेईन, असं त्यानं तोंडावर सांगितलं. मिस्त्रींना घास गोड लागेना.

हाताखाली काम शिकणाऱ्या लेकीनं इंजिन चालू ठेवून रेडिएटरची खालची नळी चाचपली. इंजिन उकळतंय आणि नळी जेमतेम कोमट.

"बाबा, ह्या इंजिनात थर्मोस्टॅट नुसता दार उघडत नाही," ती हळूच म्हणाली. "इंजिन तापलं की आडवाट बंदही करतो. तो नाही, म्हणून गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनातच शिरतंय."

तो कोणी काढला, हे दोघांनाही ठाऊक होतं. मिस्त्री बराच वेळ फडक्याला हात पुसत राहिले. मग म्हणाले, "नवा आण. तूच बसव."

भरल्या बसमध्ये ते ड्रायव्हरच्या शेजारी बसले. चढ सुरू झाला. काटा मध्यावर आला आणि माथ्यापर्यंत तिथून हलला नाही.

"मिस्त्री, तुमच्या हाताला तोड नाही," ड्रायव्हर खुशीत म्हणाला.

मागच्या बाकावर बसलेली लेक खिडकीबाहेर बघत होती.

"माझ्याच हातानं बिघडली होती," मिस्त्री सगळ्या बसला ऐकू जाईल असं म्हणाले. "पकडलं ते माझ्या लेकीनं."

नंतर अशा इंजिनांच्या सगळ्या गाड्या त्यांनी निरोप धाडून परत बोलावल्या. चूक प्रत्येक मालकाला स्वतः सांगत, त्यामागचं कारण समजावायला मात्र लेकीला पुढे करत. ती बोलू लागली, की मिस्त्री इंजिनाकडे बघतच नसत. मालक नीट ऐकतोय ना, एवढंच बघत.