अडकलेली बासुंदी

"अरे बेटा, तुझी बासुंदी तर जागची हलूनच नाही राहिली!" फोनवर जोगळेकर काकू होत्या.

काकू इंदूरच्या राजेंद्र नगरात राहतात, मराठी लग्नांचं कॅटरिंग करतात. त्यांची वेबसाइट मी केली होती. वर स्लाइडशो, म्हणजे आपोआप सरकणारे फोटो. पहिल्या स्लाइडवर उकळत्या बासुंदीचा व्हिडिओ. तो संपला की पुढची स्लाइड. माझ्या आयफोनवर झकास चालायचं. काकूंच्या आयफोनवर ढिम्म. आणि संध्याकाळी पुण्याची मंडळी येणार होती, लेकीच्या इथल्या लग्नाचा कॅटरर ठरवायला. काकूंना ही ऑर्डर हवीच होती.

"कॅशे क्लिअर करवून घे ना भिया," ऑफिसातले बॉस म्हणाले; इंदूरला भैयाचा 'भिया' होतो. कॅशे म्हणजे ब्राउझरने साठवलेलं जुनं सामान. आम्हाला काही कळेनासं झालं की आम्ही ते साफ करायला सांगतो. काकूंनी केलं. मग मी दुसरा ब्राउझर टाकायला लावला. आयफोनवर ब्राउझर कुठलाही घ्या, आतलं इंजिन एकच असतं, हे ज्युनिअरांना मीच शिकवतो. बासुंदी तिथेही अडकली. काकूंचा फोनच बिघडलाय असं ठरवून मी स्कूटर काढली.

"बघा काकू, माझ्याकडे चालतंय," मी ऐटीत माझा फोन पुढे केला. बॅटरी संपत आली होती, म्हणून बॅटरी सेव्हर लावला आणि पान पुन्हा उघडलं. बासुंदी अडकली.

मग डोक्यात उजेड पडला. सेव्हर लावला की आयफोन व्हिडिओ आपोआप सुरूच करत नाही. सुरू नाही तर संपणार कुठून? आणि माझा स्लाइडशो तो संपायची वाट बघत बसलेला. माझा फोन ऑफिसात कायम चार्जरला. काकू दिवसभर कॉलवर, त्यांचा सेव्हर कायम चालू.

तेवढ्यात पुण्याची मंडळी आलीच. मी तिथेच लॅपटॉप उघडला. व्हिडिओ सुरू झाला नाही तर साधा फोटो दाखव आणि पुढे सरक, एवढाच बदल. पाहुण्यांचा चहा होईतो काम झालं.

काकूंनी फोन वधूच्या आईच्या हातात दिला. स्लाइड सरकली! मला तर टाळ्याच वाजवाव्याशा वाटल्या. पुढच्या स्लाइडवर वाढलेलं ताट होतं.

"इंदूरला चटणी उजवीकडे वाढतात का हो?" त्यांनी विचारलं.

डावीकडे मजकुराला जागा हवी म्हणून तो फोटो मीच आरशातल्यासारखा फिरवला होता. चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे, हे मलाही ठाऊक आहे. जेवताना. काकूंच्या फोनवर ती स्लाइड कधी आलीच नव्हती, त्यामुळे त्यांनीही हे ताट आत्ताच पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला. मला सोफ्याखाली शिरावंसं वाटलं.

"ही याची कलाकारी आहे," काकू उठल्या. "माझं ताट आत वाढते, चला जी."

मंडळी जेवली आणि ऑर्डर देऊन गेली.

दुसऱ्या दिवशी काकूंनी स्लाइडशो काढायला लावला. आता साइटवर सरळ वाढलेल्या ताटाचा एकच फोटो आहे. तो सगळ्या ब्राउझरवर उत्तम चालतो.