मांडीखालचे हात

“माझे नाव निंबा आहे.”

निंबानं आयुष्यात तोंडानं बोललेलं पुरं वाक्य एवढंच. धुळ्याच्या बहिऱ्या मुलांच्या शाळेत गुरुजींचा गळा चाचपत, आरशासमोर तोंड वेंगाडत त्यानं ते कमावलं. हात हलले की गुरुजी ते त्याच्याच मांडीखाली दाबून ठेवायचे. सुट्टीत घरी यावं, तर आई अहिराणीत म्हणायची, “मन्हा निंबा उना.” शाळेतल्या ओठांची आणि घरच्या ओठांची ओळखच नव्हती.

अमळनेरच्या जिनात मात्र त्याचं बस्तान बसलं. सरकीपासून कापूस सोडवणाऱ्या यंत्रांच्या धडधडाटात तिथं कानवालेही हातांनीच बोलत. त्यांच्यात निंबा म्हणजे चक्क वाचाळ. जोडीच्या भटूनं एकदा खुणेनं विचारलं, तुला बोलता येतं, मग हात कशाला?

निंबानं हातांनीच समजावलं. हातातलं वाक्य मला दिसतं. चुकलं तर मोडून पुन्हा करतो. आवाज म्हणजे पँटची मागची उसवलेली शिवण. गावाला दिसते, घालणाऱ्याला नाही. तूच सांग, कशी दिसते माझी?

भटूनं डोक्यावर दोन बोटं उभी केली. म्हैस.

निंबाला हे इतकं पटलं की पुढं तो स्वतःच तशी ओळख करून देऊ लागला.

सत्त्याऐंशी साली सुकदेवमामा त्याला एरंडोलला मुलगी पाहायला घेऊन गेला. कुंदा चहा घेऊन आली आणि निंबाचं मन ठरलं. चार घरांनी नकार दिला की मन ठरायला वेळ लागत नाही.

“पोऱ्या बोलस, आबा,” मामा मुलीच्या बापाला, रुपचंदआबांना म्हणाला. “धुयाले शिकेल शे.” आणि त्यानं निंबाला कोपरानं ढोसलं.

निंबानं वाक्य म्हटलं. सगळे बशीत पाहू लागले. एकट्या कुंदानं मान वर करून हातानं विचारलं, हा कसला आवाज?

निंबानं डोक्यावर दोन बोटं उभी केली.

ती पदरात तोंड लपवून हसली. आवाजाला हसणारे त्याला ठाऊक होते. त्यानं केलेल्या विनोदाला जिनाबाहेरचं माणूस पहिल्यांदाच हसलं होतं. तो खुलला. शेपूट, शिंगं, चिखलातली लोळण, सगळं दाखवू लागला.

रुपचंदआबा उठले. निंबाचे दोन्ही हात धरून त्यांनी ते त्याच्या मांडीखाली सरकवले. “तोंडानं बोलता येतं ना? मग हे सोंग आमच्या घरी नको. कबूल असेल तर पुढचं बोलू.”

“कबूल, कबूल,” सगळंच मान्य करत मामा घाईनं म्हणाला. “तुमनं बठ्ठं ऐकी तो.”

वाकलेल्या आबांचे ओठ निंबाला दिसले नाहीत, शब्द कळले नाहीत. मामाची डोलणारी मान आणि मांडीखाली मुंग्या आलेले आपले हात, एवढं पुरलं. त्यानं कुंदाकडं पाहिलं. ती खाली पाहत होती.

त्यानं हात सोडवून घेतले. मामा आर्जवानं ओठ हलवत होता, काही तरी बोल म्हणून. निंबानं दोन्ही हात खिशात घातले, चपला पायात सरकवल्या आणि तो बाहेर पडला.