बिस्किटांची सवलत

मुलांनो, आमच्या शेजाऱ्यांचा इगतपुरी रस्त्यावर नटबोल्टचा छोटा कारखाना आहे. "सरकारनं सवलत देऊ नये आणि आडवंही येऊ नये," हे ते दूधवाल्यालासुद्धा ऐकवतात. करमाफी संपताच त्यांच्या समोरची मोठी कंपनी दुसऱ्या राज्यात गेली. तिचा म्हातारा कुत्रा मात्र बंद गेटपाशी उपाशी बसून राहिला. शेजाऱ्यांनी त्याला घरी आणलं आणि बजावलं, "फुकट काही मिळणार नाही. राखण करावी लागेल."

कुत्रा दिवसभर झोपतो. काल ते त्याला गुपचूप बिस्किटं चारताना मला दिसले.

"काय हो, ही सवलतच ना?" मी विचारलं.

"छे वहिनी, पगार!"

"कोणत्या कामाचा?"

"कंपनी पळाली, हा नाही पळाला. त्याचा."