निजलेलं मशीन

मिरकरवाड्यातल्या आवडाबाईची हिरा डिप्लोमा करून बर्फाच्या कारखान्यात लागली, तेव्हा बाजारातल्या बायका म्हणाल्या होत्या, पोरीला मासळीचा वास नको म्हणून ग्रीसचा दिलास होय. आवडाबाई हसली होती. पण शहाऐंशीच्या उन्हाळ्यात शेठनी हिराला यंत्रांची कंपनं मोजायला शिकण्यासाठी पुण्याला पाठवलं, आणि आवडाबाईची झोप गेली.

हिरा परतली ती एक पेटी घेऊन. पेटीच्या वायरीला बोटाएवढा खुंटा. तो यंत्राला टेकवायचा, कळ फिरवायची आणि काटा कुठे उसळतो ते पाहायचं. चाक एका बाजूला जड असलं की फेऱ्यामागे एक धक्का. बेअरिंग बिघडलं की एकाच फेऱ्यात कितीतरी बारीक धक्के, कानाला न कळणारे. सरावासाठी तिनं शेजारची पिठाची गिरणीसुद्धा सोडली नाही. आवडाबाईला एवढंच कळलं, की आपली पोर एक दिवस कुणाला न दिसणारी गोष्ट छातीठोक सांगणार, आणि चुकली तर गाव तिला सोडणार नाही.

तो दिवस नारळी पौर्णिमेच्या आदल्या सकाळी आला. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी संपत होती, ट्रॉलर बर्फासाठी खोळंबले होते. त्यांतला एक हाकणारा तांडेल म्हणजे हिराचा बाप शिवा. कारखान्यात एकाच चौथऱ्यावर बर्फ करणारी दोन मशीनं. धाकटं पावसाळाभर चालू होतं, थोरलं बंद. ऑपरेटर दादूनं थोरल्यावर धुतलेली चादर घातली होती, वर रोज जास्वंदीचं फूल. कुणाला हात लावू दिला नव्हता.

चादर निघाली, थोरलं सुरू झालं. आवाज अगदी गोड. बर्फ सांगायला आलेली आवडाबाई दारातच उभी होती. हिरानं मोटरला खुंटा टेकवला, कळ फिरवली. काटा उसळला. तिनं परत पाहिलं.

“बंद करा,” ती म्हणाली. “बेअरिंग गेलंय.”

“दोन महिने निजलाय तो,” दादू म्हणाला. “निजल्याला काय व्हनार गो?”

शेठ आले. आज धकवून नेऊ, म्हणाले. रात्रीत मोटर जळाली तर आठवडाभर बर्फ नाही, असं हिरानं सांगितलं. शेठ म्हणाले, “उघडू. चांगलं निघालं तर उद्यापासून तू घरी.”

जेटीवरून शिवा तावातावानं आला, मशीन कुणी थांबवलं विचारत. लेकीनं थांबवलंय हे कळल्यावर भिंतीशी जाऊन उभा राहिला.

आवडाबाई लेकीजवळ सरकली. “चुकले म्हण ना गो.”

“काटा तसं म्हणत नाही, आये.”

मोटर उघडली. बेअरिंग रॉकेलमध्ये धुतलं. लख्ख निघालं. शेठनी ते उजेडात फिरवून पाहिलं आणि दादूच्या हातात दिलं. हिराचा चेहरा उतरला. आवडाबाई मागे सरून दाराशी गेली.

हिरानं दादूच्या हातातल्या बेअरिंगची बाहेरची कडी वेगळी केली.

“दादूकाका, आतून नख फिरवा. हळू.”

दादूनं फिरवलं. नख अडलं. पुढे गेलं, परत अडलं. परत. सारख्या अंतरावर, जेवढं आतल्या लोखंडी रोलरांमधलं अंतर तेवढ्यावर. दादू चौथऱ्यावर खाली बसला.

धाकट्या मशीनचे हादरे पावसाळाभर चौथऱ्यातून थोरल्याला बसत होते. चाक फिरत नव्हतं, म्हणून रोलर कडीवर त्याच त्या जागी आपटत राहिले आणि तिथे खाचा पडल्या. अधूनमधून कुणी हातानं चाक फिरवलं असतं तरी बेअरिंग वाचलं असतं.

“म्हंजे मीच,” दादू म्हणाला.

“मीपण, काका. पुण्याहून आल्यापासून चालत्यालाच खुंटा लावत फिरले. बंद आहे म्हणून याच्याकडे बघितलंच नाही.”

दुसरं बेअरिंग बसेस्तोवर दुपार टळली. ट्रॉलर उशिरा सुटले, शिवाचा तर अर्ध्याच बर्फावर. निघताना तो लेकीला एवढंच म्हणाला, “आयेला घरी ने. सकाळधरनं उभी हाय.”

पुढच्या पावसाळ्यात थोरल्यावर पुन्हा चादर आली, जास्वंदही आली. फक्त दर मंगळवारी दादू फूल बाजूला ठेवायचा, चाक हातानं थोडं फिरवायचा आणि फूल परत वर ठेवायचा.