माझी माय उदाहरण नाही

"मेलेली ढोरं खाणाऱ्या घरात ही बहीण जन्मली," असं म्हणून पास्टरांनी बोट दाखवलं. बोटाच्या टोकाला माझी आई होती.

रविवारची सकाळची उपासना. भाईंदर पूर्वेला एका हार्डवेअरच्या दुकानावर आमच्या मंडळीचा, म्हणजे चर्चचा, हॉल आहे. आई तिसऱ्या रांगेत, खांबाजवळच्या खुर्चीवर. हॉलमधल्या सगळ्या माना वळल्या. पास्टर रंगात आले होते. "घरात दारू, अंगणात मूर्ती, पोटात सडलेलं मांस. आणि आज? आज ही राजाची मुलगी आहे. हालेलुया बोला." लोक बोलले. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या.

आई हसली. दुसऱ्याच्या घरी आपल्या हातून कप फुटला की माणूस हसतो, तसं. मी तिच्या शेजारी बसले होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता.

आता खरं काय ते ऐका. माझी आई जालन्याकडची, मिशनच्या दवाखान्यात जन्मलेली. तिचे आजोबा बाप्तिस्मा घेतलेले. तिच्या घरात दारू नव्हती आणि मूर्तीही नव्हती. पेटी होती, ढोलकी होती, आणि संध्याकाळी भजनं. ढोरं ओढायची ती आजोबांच्याही आधीची पिढी. ओढायची, कारण गाव ओढायला लावायचं. खायची, कारण गाव दुसरं काही देत नव्हतं. लाज वाटायचीच असेल तर ती त्या गावाला वाटावी.

पास्टर एकदा मुर्ध्याला आमच्या खोलीवर प्रार्थनेला आले होते. चहा पिता पिता त्यांनी आईला मूळ गाव विचारलं. आईने ही जुनी गोष्ट सांगितली. भोळेपणाने नाही, विश्वासाने. त्यांनी ती गोष्ट उचलली, पिढ्या ओलांडून पुढे आणली आणि आईच्या अंगावर घातली. उपदेशात ती तशी जास्त चांगली बसत होती.

पास्टरांचे स्वतःचे आजोबा वतनदार घराण्यातले. तेही उपदेशात अधूनमधून येतात. "माझ्या आजोबांनी प्रभूसाठी जमीन सोडली, गावातला मान सोडला." पण त्या वतनात कुणाकडून काय काय करून घेतलं जायचं, कुणाला वेशीबाहेर ठेवलं होतं, हे कधी येत नाही. आपलं ठेवायचं झाकून, दुसऱ्याचं बघायचं वाकून. त्यांचे आजोबा सोडून आले, आम्ही उचलून आणलेले. बाप्तिस्म्याचं पाणी दोघांना एकच, पण त्या पाण्याने हा फरक काही धुतला नाही.

त्या उपदेशाचं फळ पुढच्या महिन्यात दिसलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं. त्याची भाकर आई करायची. गव्हाची, बिनखमिराची, तव्यावरची. पहाटे आंघोळ करून, कुणाशी एक शब्द न बोलता. कित्येक वर्षं सगळ्या मंडळीने त्याच भाकरीचे तुकडे प्रभूचं शरीर म्हणून खाल्ले. त्या रविवारी ताटात बेकरीचा पाव होता. महिला मंडळाच्या ताई आईचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "आंटी, किती वर्षं करताय. आता आराम करा ना."

जातीचं नाव कुणी घेतलं नाही. गरजच काय होती? उपदेश परिणामकारक झाला होता. लोकांच्या मनात उतरला होता.

आईचा डबा तसाच परत आला. दुपारी तिने ती भाकर कालवणाबरोबर खाल्ली आणि मलाही वाढली.

गंमत अशी की याच पास्टरांकडे मी उपदेश करायला शिकत होते. दर शनिवारी संध्याकाळी, त्याच हॉलमध्ये. मी मीरा रोडला एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर बसते. दिवसभर 'उपाशीपोटी आलात का' हे विचारणं, एवढंच माझं बोलणं. मला बोलायचं होतं. शास्त्र उघडून चार माणसांना काही सांगायचं होतं. लहानपणापासून ही एकच हौस.

आणि माणूस शिकवतो छान, खोटं कशाला बोलू? उताऱ्याचा मुख्य विचार एका वाक्यात सांगता आला नाही, तर तो तुम्हाला कळलेलाच नाही, हे त्यांचं वाक्य. मुद्दे कमी ठेवा. सुरुवात पाठ करा, शेवटही पाठ करा, मधलं मनातून येऊ द्या. पोटातून आवाज काढा, गळ्यातून नको. शेवटच्या रांगेतल्या म्हातारीकडे बघून बोला. उतारा पुन्हा पुन्हा वाचा, आणि दर वेळी त्यातल्या वेगळ्या माणसाच्या जागी बसून वाचा. आणि मग उदाहरण. "उदाहरण म्हणजे उपदेशाची खिडकी," ते म्हणायचे. "खिडकी नसेल तर घरात अंधार." फक्त ही खिडकी कुणाच्या भिंतीला पाडायची, हे आधी त्या घराला विचारावं, हे त्यांच्या वर्गात नव्हतं.

आमच्या खोलीत जोरात बोलायची सोय नाही. शेजाऱ्याचा टीव्ही आम्हाला ऐकू येतो, तर माझा उपदेश त्यांना येणारच. म्हणून मी खाडीकडे, जुन्या मिठागरांच्या बांधावर जाऊन सराव करायचे. तिथे पालीहून लग्न होऊन आलेली एक म्हातारी मावशी बोंबील वाळत घालायची. ती माझी शेवटची रांग. "मोठ्यान बोल गो, आयकायला येत न्हाय," म्हणायची. एकदा म्हणाली, "हात कशाला हालवतस? माशी हाय का?" तेव्हापासून मी हात खाली ठेवून बोलते.

वर्ग संपत आला. शेवटी प्रत्येकाने रविवारच्या उपासनेत छोटा उपदेश करायचा होता. पास्टरांनी एकेकाला उतारा दिला. बँकेतल्या ब्रदरना दिला, कॉलेजातल्या मुलीला दिला. माझ्यापाशी आले आणि म्हणाले, "सिस्टर, तुम्ही साक्ष द्या. तुमची साक्ष हाच मेसेज आहे. आईंना पण पुढे उभं करू. लोक एकदम टच होतील."

बाहेरच्यांना कळावं म्हणून सांगते. साक्ष म्हणजे आपल्यावर काय गुजरलं आणि प्रभूने कसं सोडवलं, ते सांगायचं. उपदेश म्हणजे शास्त्र, आमच्या भाषेत वचन, उलगडून सांगायचं. साक्ष देणारा रडतो, उपदेश करणारा शिकवतो. आता कुठल्याही मंडळीत जा आणि बघा, साक्षीला कोण उभं राहतं आणि उपदेशाला कोण. आडनावं वाचली तरी पुरे.

"मला उतारा द्या ना, पास्टर," मी म्हटलं.

"पुढच्या बॅचला बघू."

मी उतारा स्वतःच घेतला. जन्मापासून आंधळा असलेल्या माणसाचा. तो रस्त्याकडेला बसलाय, आणि शिष्य त्याच्याकडे बघून येशूला विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापाचं? हा उतारा मी शंभरदा ऐकला असेन. बांधावर उभं राहून पास्टरांच्या पद्धतीने वाचत गेले. एकदा शिष्यांच्या जागी बसून, एकदा शेजाऱ्यांच्या. मग त्या माणसाच्या जागी बसले आणि पुस्तक मिटलं. तो आंधळा होता, बहिरा नव्हता. त्याच्या देखत त्याच्या आईबापाचं पाप काढलं जात होतं आणि तो ते ऐकत होता. शिष्यांना त्याच्यात माणूस दिसलाच नाही. त्यांना धड्यासाठी उदाहरण मिळालं होतं.

माझा मुख्य विचार एका वाक्यात बसला होता.

ठरलेल्या रविवारी साक्षीसाठी माझं नाव पुकारलं गेलं. मी माईकपाशी गेले. पास्टर आईकडे बघून मोठ्या प्रेमाने म्हणाले, "आई, या ना पुढे. लाजू नका." आई उठायला लागली. पदर सावरत, खुर्चीच्या पाठीचा आधार घेत.

"माय, तू बस," मी माईकवर म्हटलं.

आई अर्धवट उठलेली तशीच थांबली. मग बसली.

मी म्हटलं, "मी साक्ष देणार नाही. मी वचन सांगणार आहे." आणि उतारा वाचायला लागले. मी सांगितलं की त्या रस्त्यावर पहिला अन्याय आंधळेपणाचा नव्हता. पहिला अन्याय हा, की देवाच्या माणसांनी एका जिवंत माणसाला त्याच्या तोंडावर विषय केलं. मी सांगितलं की प्रभूने आईबापाचं पाप काढायला साफ नकार दिला. आणि मग विचारलं, "मग आपण कुणाचे शिष्य आहोत? मागे याच जागेवरून माझ्या आईकडे बोट दाखवलं गेलं, तेव्हा आपण हालेलुया म्हणालो. पुढच्या महिन्यात तिच्या हातची भाकर बंद केली. भाकर का बंद झाली, हे इथे मोठ्याने सांगायची कुणाची तयारी आहे?"

इथे माईक बंद झाला. पास्टरांनी साउंडवाल्या भावाला खूण केलेली मी पाहिली. मी पोटातून आवाज काढला आणि पुढे बोलत राहिले. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. कुणी आमेन म्हटलं नाही. चार-पाच जण उठून गेले. महिला मंडळाच्या ताई खाली मान घालून बसल्या होत्या. मी शेवट पाठ केला होता, तो म्हटला आणि खाली उतरले.

उपासनेनंतर पास्टरांनी मला आत बोलावलं. चिडले नव्हते, दुखावले होते. तेच जास्त राग आणणारं होतं. "मी तुमचा गौरव करत होतो," म्हणाले. "तुमच्यात कडवटपणा आहे, सिस्टर. पुढच्या रविवारी मंडळीसमोर माफी मागा. नाहीतर ही जागा तुम्हाला पुन्हा मिळणार नाही."

मी म्हटलं, "पास्टर, एकदा तुमच्या आजोबांच्या गावाबद्दल सांगा ना. सगळं सांगा. मग गौरव कसा वाटतो ते बघू."

त्यांनी प्रार्थनेसाठी डोळे मिटले. मी मिटले नाहीत.

आम्ही रिक्षाने घरी आलो. मला वाटलं, आई शाबासकी देईल. खोलीत आल्यावर चप्पल काढता काढता म्हणाली, "त्यानं मला उभं केलं, तू बसीवलं. मला इचारलं का कुणी?"

बरोबर होतं तिचं.

पाणी पिऊन ती म्हणाली, "माफी मागू नको. अन् मंडळी बी सोडायची न्हाई. माझ्या आज्यानं बाप्तिस्मा घेतला तवा ह्याच्या आज्याला येशू कोन ते ठावं बी नव्हतं. आपुन काय पाव्हणे हाव का, निघून जायाला?"

त्या दिवसापासून मी कानाला खडा लावलाय. हे सगळं लिहून झाल्यावर आधी आईला वाचून दाखवलं. तिने दोन गोष्टी काढायला सांगितल्या. काढल्या. उरलं ते तिच्या परवानगीने आहे. कुणाची गोष्ट सांगायची तर आधी त्या माणसाला विचारायचं. उपदेशाच्या वर्गात हा धडा नव्हता, माझ्या वर्गात तो पहिला असेल. आणि माझा वर्ग होणार आहे. मुर्ध्यात, वरसाव्यात, जिथे चार माणसं बसतील तिथे. आमच्या पोरीबाळींना मी उतारा कसा उलगडायचा ते शिकवणार. रडायला नाही शिकवणार.

उद्या रविवार आहे. पास्टर माफीची वाट बघतील. मिळणार नाही. आई आणि मी पहिल्या रांगेत बसू. साक्ष मागितली तर देणार नाही. माईक दिला तर वचन सांगेन, नाही दिला तरी सांगेन. ज्यांना ऐकवत नसेल त्यांनी खुशाल उठून जावं. आम्ही उठणार नाही.